धाकटीचा पेपर

समोरच्या फुटपाथवर हे उभे होते. हे म्हणजे माझा नवरा. सकाळी डबा घेऊन, मोजे सापडत नाहीत म्हणून थोडी चिडचिड करून, नेहमीसारखे लॅबमध्ये गेलेले. आणि आता चष्म्याच्या दुकानाशेजारी एका काचेच्या दाराबाहेर उभे. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातावर घडी घातलेला बायकी स्वेटर. मी रस्त्याच्या अलीकडे बसथांब्याच्या बाकावर बसले होते. मधून गाड्या जात होत्या. एखादी मोठी गाडी आली की हे पुसले जायचे आणि गाडी गेली की पुन्हा तिथेच. बाटली मी ओळखली, तिच्या झाकणाच्या चिरेवर मीच चिकटपट्टी लावली होती. स्वेटरही ओळखला, राखाडी, कोपराशी विरलेला. दोन्ही वस्तू माझ्या धाकट्या जावेच्या. आधी डोळ्यांनी ओळखलं, मनापर्यंत पोचायला बराच वेळ लागला.

मी तिथे गेले होते रस्ता पाठ करायला. त्या काचेच्या दारामागे जिना आहे आणि जिन्यावर परीक्षेचं केंद्र. इकडे परदेशात नर्स म्हणून काम करायचं तर परवाना लागतो आणि परवान्यासाठी त्या जिन्यानं वर जावं लागतं. घड्याळ, बाटली, स्वेटर, सगळं बाहेर ठेवून. तिकडे, मायदेशी, मी बारा-तेरा वर्षं वॉर्ड सांभाळला होता. इकडे आल्यावर मदतनीस झाले. मदतनीसानं पेशंटला अंघोळ घालायची, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं; सलाईन संपत आलेलं दिसलं तरी हात लावायचा नाही, सिस्टरला जाऊन सांगायचं. सुरुवातीला माझा हात आपोआप वर जायचा, नळीवरच्या चाकाकडे. मग मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभं राहायला शिकले. परीक्षा एकदा देऊन झाली होती, आणि नापास होऊनही झालं होतं. त्या वेळी मी चुकीच्या बसमध्ये बसले, धावतपळत पोचले, आणि घामेजल्या बोटांनी कॉम्प्युटरचा माउस धरून पहिलाच प्रश्न वाचला: चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? तिकडे मी चौघांकडे एकदमच जायची. एकाची नाडी हातात, दुसऱ्याला हाक, तिसऱ्याच्या नातेवाइकाला दटावणी, आणि नजर चौथ्यावर. इथे एकच निवडायचा होता. मी वॉर्डातल्यासारखी उत्तरं देत गेले. त्या कॉम्प्युटरची गंमत अशी की तो मधेच कधीही थांबतो. तुमच्याबद्दल जे कळायचं ते कळलं की बास. माझ्याबद्दल त्याला फार लवकर कळलं. त्यानंतर बरेच दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. कोणी बोललं तरी ऐकू यायचं, पण उत्तर द्यायला तोंडापर्यंत काही पोचायचं नाही. ह्यांनी त्या दिवसांत चहा करून आणला, केस विंचरून दिले. ते सगळं मला आठवतं. म्हणून ह्या वेळी सगळं नीट करायचं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात माझी तारीख होती. त्याआधी एकदा जाऊन यावं, इमारत, जिना, बस, सगळं डोळ्यांखालून घालावं, म्हणून एका बाईबरोबर ड्यूटी बदलून घेऊन आले होते. घरी कोणाला बोलले नव्हते. बोलायचं तरी काय, की मला रस्ता चुकायची भीती वाटते?

मनात पहिल्यांदा जे आलं ते वाईट होतं. नवरा आणि जाऊ. खोटं कशाला सांगू, आलं. आणि आल्या आल्या सगळं कसं पटापट जुळायला लागलं: परवा दोघं गॅलरीत बोलत होते आणि मी गेल्यावर गप्प झाले, हे मागचे काही दिवस तिला ‘दमू नकोस’ म्हणत होते. पुरावा गोळा करायला मनाला किती कमी वेळ लागतो. तेवढ्यात कोपऱ्यावरून माझा दीर आला, हातात कॉफीचे दोन कागदी पेले सावरत. एक त्यानं ह्यांना दिला. हे स्वेटर खांद्यावर टाकून, बाटली काखेत धरून कॉफी पिऊ लागले. दोघं भाऊ काचेच्या दाराकडे बघत उभे राहिले, ऑपरेशनच्या खोलीबाहेर माणसं उभी राहतात तशी. मला इतकं हायसं वाटलं की मी बाकावर मागे रेलले. आणि त्याच हायसेपणाच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, जास्त थंड. पहिलं असतं तर मला त्याचं नाव ठाऊक होतं. त्याला जगात शब्द आहेत, शिव्या आहेत, माहेरी निघून जाणं आहे. ह्याला काय म्हणायचं? दार उघडून धाकटी बाहेर आली. चेहरा पांढरा, हसू अर्धवट. दिरानं तिला जवळ घेतलं. ह्यांनी बाटलीचं झाकण उघडून तिच्यापुढे धरलं आणि ती पाणी पीत असताना तिच्या डोक्यावर दोनदा हात थोपटला. माझ्या पेपरच्या दिवशी ह्यांना रजा मिळाली नव्हती.

मी लपले नाही. तिथेच बसून होते, हिरव्या कुडत्यात, आणि त्यांनी मान वर केली असती तर दिसले असते. पण त्यांना रस्त्यापलीकडे बघायचं कारणच नव्हतं. ते गेले. दोन बस येऊन गेल्या, मी चढले नाही. ‘जावा-जावा, हेवा-दावा’ असं माझी आई म्हणायची, आणि लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी पक्कं केलं होतं की आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही. धाकटी घरात आली तेव्हा नुकती नर्सिंग करून आलेली. पुस्तकातलं सगळं पाठ, पण पेशंटला सुई टोचताना स्वतःच डोळे मिटायची. तिला मी घरी उशीवर टोचायला लावलं, मग माझ्या हातावर. ‘टोच,’ म्हटलं, ‘मी काही मरत नाही.’ इकडे आलो तेव्हा चौघं एकाच घरात राहिलो. दोन्ही भावांच्या कामाच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे दुपारची मी आणि ती. मी नापास झाले त्यानंतर पुस्तक पुन्हा उघडलं ते तिच्यामुळे. तीच म्हणाली होती, ताई, आता दोघी मिळून करू, एकाच आठवड्यात देऊ, म्हणजे एकीला दुसरीची सोबत. आमच्या स्वयंपाकघरातलं टेबल भिंतीला टेकवलेलं आहे, आम्ही दोघी एकाच बाजूला बसायचो, खांद्याला खांदा लावून. पुस्तकातलं तिला यायचं आणि माणसातलं मला. ती म्हणायची, हे मला पाठ होत नाही, आणि मी तिकडच्या वॉर्डातली एखादी बाई, एखादा म्हातारा तिच्यापुढे उभा करायची, मग तिला ते कधी विसरायला व्हायचं नाही. मला वाटायचं, आम्ही दोघी एकच डोकं वापरतोय.

त्या दिवशी दुपारी मी घरी पोचले तर ती टेबलाशी बसलेली. तोच राखाडी स्वेटर अंगात. पुस्तक उघडं. म्हणाली, उशीर झाला आज? मी म्हटलं, बस चुकली. मी हात धुतले, तिच्या शेजारी बसले. तिच्या खांद्याची ऊब माझ्या खांद्याला लागली आणि मला नवल वाटलं की खांद्यावर काही लिहिलेलं नसतं. मी प्रश्न विचारायला लागले. आवाज माझाच होता, नेहमीचा, किंचित घोगरा. थायरॉइडचं ऑपरेशन होऊन आलेली बाई, म्हणते ओठांभोवती मुंग्या येतायत. रक्तात काय बघाल? हा प्रश्न तिला झोपेतून उठवून विचारला असता तरी आला असता. कारण तिकडे माझ्या वॉर्डात अशीच एक बाई होती, भाजीवाली, ती म्हणाली होती, ‘सिस्टर, तोंडाला मुंग्यांचं वारूळ फुटलंय’, आणि ही गोष्ट ऐकून धाकटी इतकी हसली होती की पुढे कॅल्शियम म्हटलं की आम्ही दोघी ‘वारूळ’ म्हणायचो. ती पेन दातात धरून छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘पोटॅशियम?’

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. कानाची पाळी लाल झाली होती. माझ्या लक्षात आलं की ती मला जिंकू देते आहे. लहान पोराबरोबर पत्ते खेळताना मोठी माणसं हुकमाचं पान लपवून ठेवतात तसं. पेपर देऊन आली होती, दमली होती, घरी येऊन हातपाय पसरून पडायचं सोडून इथे बसून माझ्यासाठी एक उत्तर चुकवत होती. आणि मी काय केलं? मी समजावून सांगितलं. थायरॉइडच्या मागे चिमुकल्या ग्रंथी असतात, ऑपरेशनमध्ये त्यांना धक्का लागतो, कॅल्शियम उतरतं. ती ‘हो की, हो की’ म्हणत मान हलवत होती. सगळं नीट, क्रमानं, न अडखळता सांगितलं मी. आणि आतल्या आत कोणीतरी विचारत होतं, मागच्या किती दुपारी तिनं असं केलं असेल? मला जी खात्री वाटायला लागली होती स्वतःची, जे वाटत होतं की जमतंय बुवा आता, त्यातलं किती माझं आणि किती तिनं चुकवून दिलेलं?

पुढच्या दिवसांत मी वाट बघत होते. कोणीतरी सांगेल. हे सांगतील, तिला सांगायला लाज वाटत असेल म्हणून. दीर सांगेल, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी त्यांना संधी देत होते. एकदा जेवताना म्हटलं, त्या केंद्रापाशी गाडी लावायला जागा असते का कोणास ठाऊक. दीर भाताकडे बघून म्हणाला, असेल की वहिनी. ह्यांनी मला लोणचं वाढलं. चेहरे इतके सरळ होते की मला त्यांचं कौतुक वाटलं. घरातली माणसं, ज्यांना वाढदिवसाची भेट दोन दिवस लपवता येत नाही, ती एवढी सफाईदार केव्हा झाली? आणि मग आठवलं, ही सफाई मला नवी नाही. तिकडे माझ्या वॉर्डात एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. दुखणं बरं होण्यातलं नव्हतं. मुलगा, सून, भाऊ, सगळे व्हरांड्यात कुजबुजायचे, मला बाजूला घेऊन म्हणायचे, सिस्टर, त्यांना कळू देऊ नका, त्या खचतील. आणि दार ढकलून आत गेले की एकदम उजळ चेहरे: आज किती फ्रेश दिसतेस! एक दिवस बाईंचे केस धूत होते. डोळे मिटून त्या म्हणाल्या, ‘माझ्याशी कोणी भांडत नाही हो हल्ली. सून चहात साखर विसरली तर मी बोलते, तरी ती हसते. माणूस मेल्यावर असं वागवतात ना?’ तेव्हा मला ते नीटसं कळलं नव्हतं. केस पुसून मी त्यांना आरसा दाखवला होता. आता आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून मला कळत होतं. गेल्या वर्षभरात हे माझ्याशी एकदाही भांडले नव्हते. मोजे सापडले नाहीत तर मोज्यांवर चिडायचे. भाजी खारट झाली की दीर म्हणायचा, मस्त झालीय. मी ह्याला सुख समजत होते.

मग एके दिवशी घरी केक आला. मी कामावरून येऊन चपला काढत होते, आत हसण्याचा आवाज होता, तो माझ्या किल्लीच्या आवाजानं बंद झाला. टेबलावर केक, मधोमध, वर काही न लिहिलेला. दिराच्या साहेबांचा वाढदिवस होता म्हणे, उरलेला घरी पाठवला. न कापलेला पूर्ण केक उरतो कसा, हे मी विचारलं नाही. धाकटीनंच कापला. डोळे तिचे रडून धुतल्यासारखे स्वच्छ होते. पहिला तुकडा तिनं मला भरवला. ती माझ्या तोंडाकडे अशा काही नजरेनं बघत होती की मला वाटलं आता सांगेल, आत्ता. तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. ह्यांनी उचलला, ‘हो आई, झालं, झालं, नंतर बोलतो’ म्हणून ठेवला. म्हणजे समुद्रापलीकडे बसलेल्या त्यांनाही माहीत होतं. मी केक खाल्ला. गोड होता. पास झालीस बये, शाबास, असं मनात म्हणायचा मी खरंच प्रयत्न केला. तिच्यासाठी मी माझा हात टोचून घेतला होता, तिच्या यशाचा घास माझ्या तोंडात होता, आणि तो मला साहेबांच्या वाढदिवसाच्या नावानं गिळायला लावत होते. मला आनंद करायचा हक्कही त्यांनी ठेवला नव्हता. हेवा वाटला असता मला, नाही कशाला म्हणू? एखाद दिवस वाटला असता. रडलेही असते. पण ते माझं रडणं असतं.

ते तोंडातून निघालं एका साध्या दुपारी, चादरींच्या घड्या घालताना. आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून घड्या घालतो, नर्सिंगवाल्या बायका घालतात तशा, कोपऱ्याला कोपरा, ताण देऊन. एकमेकींकडे चालत यायचं, कोपरे हातात द्यायचे, मागे जायचं. ती कोपरे द्यायला जवळ आली तेव्हा मी विचारलं.

‘पेपर कसा गेला होता गं?’

‘कुठला?’

‘तुझा.’

तिनं कोपरे सोडले नाहीत. आम्ही दोघी ती चादर धरून तशाच उभ्या राहिलो.

‘तुम्हाला कोणी सांगितलं, ताई?’

‘कोणीच नाही. मी समोरच्या थांब्यावर बसले होते.’

ती मागचे दिवस मनात पालथे घालत असावी, कारण तिचा चेहरा टप्प्याटप्प्यानं उतरत गेला. ‘म्हणजे त्या दुपारी तुम्हाला… ते कॅल्शियमचं…’

‘हो. तेव्हाही.’

ती पलंगावर बसली आणि रडायला लागली. रडत रडत सांगत होती, आणि मी ऐकत होते. ती म्हणाली की तिला आधी द्यायचं नव्हतंच. पण सगळ्यांचं पडलं की ताईंची वाट बघत बसलीस तर दोघी राहाल. ती म्हणाली की पास झाल्यावर लगेच रुजू व्हायला बोलावलं होतं, पण घरातून रोज नर्सचे कपडे घालून माझ्यासमोरून कशी जाणार, म्हणून तिनं पुढे ढकललं. हे ऐकून मला तिच्यावर रागही धरता येईना. ह्यांना ती दादा म्हणते. शेवटी ती म्हणाली, ‘मी दादांना म्हटलं होतं, सांगू या. निदान मला त्यांच्याबरोबर अभ्यासाला तरी बसवू नका, मला खोटं बोलता येत नाही. तर दादा म्हणाले…’

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, बसत जा तिच्याबरोबर. अभ्यासात तिचं मन रमतं. परीक्षेचं पुढे बघता येईल.’

आमच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर स्मरण गेलेल्या म्हाताऱ्या बायका आहेत. मी महिन्यातून काही दिवस तिथे असते. दुपारी त्या बेचैन होतात, घरी जायचं म्हणतात, पोरं शाळेतून आली असतील म्हणतात. मग आम्ही त्यांच्यापुढे टोपलीभर टॉवेल ठेवतो. म्हणतो, आजी, एवढ्या घड्या घालून द्या ना, फार मदत होईल. त्या मन लावून घड्या घालतात, काठाला काठ जुळवून. घालून झाल्या की आम्ही टोपली मागच्या खोलीत नेतो, टॉवेल विस्कटतो आणि दुसरी टोपली म्हणून पुन्हा आणून ठेवतो. त्यांचं मन रमतं. मी स्वतः किती वेळा नेली आहे ती टोपली. माझ्या हातातली चादर अर्धी घडी झालेली होती. मी ती खाली ठेवली आणि धाकटीला म्हटलं, डोळे पूस आणि उद्यापासून रुजू हो, कपडे घरातून घालून जा. ती म्हणाली, ताई, तुम्ही रागावलात. मी म्हटलं, हो.

ह्यांच्याशी बोलणं झालं ते बोलणं म्हणावं असं नव्हतं. मी फारसं बोललेच नाही, हेच बोलत होते. म्हणाले की तू तेव्हा कशी पडून होतीस ते तू पाहिलं नाहीस, मी पाहिलंय. म्हणाले की दोन घास खावेस म्हणून मी काय काय केलं. आवाज भरून आला होता, आणि खोटा नव्हता. मला तेच अवघड गेलं. शत्रूनं केलं असतं तर मी दोन्ही पाय रोवून उभी राहिले असते. हे जिवाला जीव देऊन केलं होतं. म्हणाले, तुझ्या भल्यासाठीच. मी विचारलं, पुढच्या महिन्यातल्या माझ्या पेपरचं काय ठरवलं होतंत सगळ्यांनी? ते म्हणाले की हळूहळू समजावणार होतो, तारीख पुढे ढकलावी, घाई काय आहे. मी मान हलवली. डॉक्टर नातेवाइकांना समजावतात तेव्हा नातेवाईक हलवतात तशी. पेशंट काय म्हणतो हे विचारायला त्यात जागा नसते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पुन्हा बसले नाही. ड्यूटी संपली की हॉस्पिटलातच, तळमजल्यावर, नातेवाइकांच्या बसायच्या खोलीत पुस्तक घेऊन बसायची. तिथे कोणी कोणाला काही विचारत नाही. एकदा मी एका पानावर अडकून कपाळाला हात लावून बसले होते तर शेजारच्या अनोळखी बाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, होतील हो बरे, धीर धरा. मी तिला धन्यवाद म्हटलं. पहिले दिवस फार वाईट गेले. प्रश्न वाचला की उत्तर मोठ्यानं सांगावंसं वाटायचं, ओठ हलायचे, आणि शेजारी खांदा नसायचा. मी गोष्ट सांगायला तोंड उघडायची, आणि ऐकायला कोणी नाही म्हणून नुसताच प्रश्न समोर उरायचा. कोरडा, चार ओळींचा. तेव्हा मला पहिल्यांदा दिसायला लागलं की मी प्रश्न वाचतच नव्हते. प्रश्नातल्या बाईला मी लगेच माझी भाजीवाली करून टाकायची आणि मग भाजीवालीला जे केलं तेच हिला करायची. पण ही भाजीवाली नव्हती. हिचं एवढंच होतं जेवढं त्या चार ओळींत दिलं होतं. एकेका बाईला मी तिच्या चार ओळींत ठेवायला शिकले. जड गेलं. वॉर्डातली सगळी माणसं एकेक करून मी खोलीबाहेर बसवून आले, आणि त्यांच्याशिवाय एकटी आत बसले. घरी परत जायची तेव्हा धाकटी नव्या कपड्यांत भेटायची, निळ्या, इस्त्रीच्या. जेवण वाढून ठेवायची. आम्ही बोलायचो: दूध आणलंय, गॅस बंद केलाय, पाऊस येणारसं दिसतंय. एकमेकींना लागेल असं काहीच बोलायचो नाही. ती मला अजूनही ताईच म्हणायची. तिच्या हाताचा वास, साबणाचा, हॉस्पिटलचा, मला इतका जवळचा वाटायचा की मी ताट उचलून दुसऱ्या खोलीत जायची.

पेपरच्या दिवशी हे तयार होऊन बसले होते. रजा काढली होती. म्हणाले, मी येतो, बाहेर थांबतो, नुसता थांबतो. मी नको म्हटलं. दाराशी येऊन पुन्हा म्हणाले, बाटली तरी धरायला. मी म्हटलं, बाटली नेत नाहीये. बसमध्ये मला खिडकी मिळाली. मी घाबरले होते, पण ती माझी एकटीची भीती होती, तिच्याकडे कोणी डोकावून बघत नव्हतं, तिला कोणी खाऊ देऊन गप्प करत नव्हतं. जिना चढले. खिसे उलटे करून दाखवले. पहिला प्रश्न आला, दुसरा आला. कुठेतरी मध्यावर एक म्हातारा आला, श्वास लागलेला, आणि तिकडचे एक आजोबा माझ्या मनाच्या दाराशी येऊन उभे राहिले, ओळखीचं हसले. मी त्यांना म्हटलं, आता नाही आजोबा. उत्तर दाबलं. कॉम्प्युटर थांबला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. खाली आले तर फुटपाथवर कोणी नव्हतं. चष्म्याच्या दुकानाच्या काचेत एक बाई दिसली, हिरव्या कुडत्यातली, दोन्ही हात मोकळे. मी समोरच्या थांब्यावर जाऊन बसले आणि तिथे बसून मग रडले, पोटभर. येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघितलं. बघू देत.

निकाल मी कामावर बघितला, कपडे बदलायच्या खोलीत, एका पायात बूट असताना. पास. तो शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. नंतर दुसरा बूट घातला आणि वर जाऊन माझ्या पेशंटांना अंघोळी घातल्या. घरी सांगितलं ते रविवारी सकाळी, सगळे एकत्र होते तेव्हा, चहाचा पहिला घोट घेऊन झाल्यावर. मी पास झाले, एवढंच म्हटलं. धाकटी खुर्ची मागे सारून उठली, माझ्याकडे यायला निघाली आणि मध्येच थांबली, यावं की नाही ते न कळून. दीर म्हणाला, वहिनी, कमाल केलीत. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्यांनी तसाच फोन उचलला, आईला लावला, आणि पलीकडून उचलल्या उचलल्या सांगायला लागले की आई, ऐकलंस का, थोरलीही पास झाली. म्हणाले, ‘मला माहीतच होतं. मला पहिल्यापासून खात्री होती.’

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो चेहरा खोटं बोलत नव्हता. त्या घटकेला त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि अजून थोडे दिवस गेले असते तर सगळ्यांनाच तसं वाटायला लागलं असतं. धाकटीला, दिराला, सासूबाईंना. मलासुद्धा. फुटपाथ, केक, रमलेलं मन, सगळं ह्या एका वाक्याखाली व्यवस्थित झाकलं गेलं असतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्यांना मी अहो-जाहोच करत आले. एकेरी हाक कधी मनातसुद्धा मारली नव्हती.

‘नव्हती तुला खात्री,’ मी म्हटलं.

मोठ्यानं नाही म्हटलं. पण खोली लहान होती. दिराचा पेला ओठांशी राहिला. धाकटी होती तिथेच उभी, हात अर्धवट पुढे आलेले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि गेल्या वर्षभरात पहिल्यांदा मला त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलची काळजी दिसली नाही. राग दिसला, खरा, चक्क राग, आणि त्याच्यामागे भीती. फोन त्यांच्या कानापासून खाली आला होता. त्यातून सासूबाईंचा आवाज येत होता, लांबून, बारीक.

‘कोण बोललं रे? हॅलो? तुला अरे-तुरे करून कोण बोललं?’

मी उठले, ह्यांच्या हातातून फोन घेतला आणि कानाला लावला.

‘मी बोलले, आई,’ मी म्हटलं.